छपरीला जाळी लावावी का?





पाऊस सुरू झाला की वस्तीतल्या भगिनी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, घरापुढची छपरी जाळीने बंद करून घ्यायची म्हणतो. करावी का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात तीस-पस्तीस हजार रुपये गुंतलेले असतात. कष्टकरी घरात एवढी रक्कम सहज उभी राहत नाही. हाच प्रश्न मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात आला होता. तो आम्ही कसा सोडवला, ते आज सांगते. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगते.

आमचे घर उत्तर नागपुरात. तीन खोल्या आणि पुढे पत्र्याची छपरी, 10 फूट लांब, 8 फूट रुंद. एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत, बाकी उघडे. सासूबाईंचा सारा दिवस या छपरीतच जातो. गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे बंद झाले आहे. भाजी निवडणे, गल्लीतल्या मुलांना हाका मारणे, संध्याकाळी दोघी-तिघींशी बोलत बसणे, सगळे इथेच. मुलांचा अभ्यासही इथेच.

मागच्या पावसाळ्यात नववीतल्या मुलाला ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरल्या, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. ते आठ दिवस कसे गेले ते आईलाच ठाऊक. घरी आल्यावर मी पहिले वाक्य बोलले ते असे, "कर्ज काढावे लागले तरी चालेल, पण छपरीला जाळी लावायचीच."

यांनी वेल्डरला बोलावले. खाली दोन फूट भिंत, वर पाच फूट जाळी असे ठरले. उघड्या दोन बाजू मिळून 18 फूट, म्हणजे जाळीचे काम 90 चौरस फूट. लोखंडी चौकटीसह दर 220 रुपये, म्हणजे 19,800. भिंत, प्लास्टर आणि मजुरी 11,000. पत्रा आणि भिंत यांमधली फट बुजवणे, दाराला स्प्रिंग वगैरे 4,200. एकूण 35,000 रुपये. त्याच महिन्यात थोरलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी पैसे लागणार होते. तरी मी हटले नाही.

सासूबाईंनी मात्र साफ नकार दिला. "मी काय पाखरू हाय का, पिंजऱ्यात बसाले? दार लावून बसली तं माह्याकडे कोन येईन?" मला राग आला. नातू मरणाच्या दारातून परत आला आणि यांना बोलायला माणसे हवीत! दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही.

तिढा सोडवला तो थोरल्या मुलीने. ती म्हणाली, "आई, आधी डास कुठे होतात ते तर बघू." हातात बॅटरी घेऊन तिने घराभोवती चक्कर मारली. उन्हाळा संपून तीन महिने झाले होते, पण कूलर छपरीच्या कोपऱ्यात तसाच उभा होता आणि त्याच्या टाकीत चार बोटे पाणी होते. त्यात अळ्या वळवळत होत्या. शेजारच्या पाण्याच्या ड्रममध्येही तेच. ड्रमवर झाकण म्हणून मी फळी ठेवली होती, ती एका बाजूने उघडीच होती. दोन्ही कामे माझ्याकडची. जाळी लावली असती, तर कूलर आणि ड्रम जाळीच्या आतच राहिले असते. म्हणजे 35,000 रुपये खर्चून मी डासांना मुलांसोबत कोंडून घेतले असते!

इथे थोडी माहिती सांगणे आवश्यक आहे, कारण सगळे डास सारखे नसतात. जाळीचे घर मलेरियावर किती उपयोगी आहे, हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. मलेरिया डासामुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबादेत मिळाला. त्यानंतर 1900 साली सँबन आणि लो हे दोन डॉक्टर इटलीत रोमजवळच्या दलदलीच्या, मलेरियाने ग्रासलेल्या भागात दारे-खिडक्यांना जाळी लावलेल्या झोपडीत राहिले. दिवसा ते बाहेर हिंडत, पण सूर्य मावळण्याआधी आत येत आणि उजाडेपर्यंत बाहेर पडत नसत. मलेरियाच्या ऐन हंगामातही त्यांना मलेरिया झाला नाही. कारण मलेरियाचा डास रात्री चावतो.

डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी. त्या वेळी मूल शाळेत असते, गल्लीत असते, नळावर असते. जाळी त्याच्या मागे मागे फिरत नाही. शिवाय हा डास गटारात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. कूलर, ड्रम, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा जुना टायर, अशी जागा त्याला आवडते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तो सहसा फार लांब उडत नाही. म्हणजे आपल्या मुलाला चावणारा डास बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरातच जन्मलेला असतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायला सांगतात. त्यातही नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की त्यातून अळ्या निघतात. म्हणून भांडे आतून घासलेच पाहिजे. कूलरच्या ताट्यासुद्धा काढून टाकाव्यात.

मग आम्ही चौघे हिशेबाला बसलो. मी कारकून बाई, कागदावर आकडे मांडल्याशिवाय माझे डोके चालत नाही. तीन खिडक्या प्रत्येकी 12 चौरस फूट, त्यांना साधी नायलॉनची जाळी 70 रुपये दराने, म्हणजे 2,520. पुढच्या-मागच्या दारांना जाळीची दोन दारे, मिळून 42 चौरस फूट, म्हणजे 9,240. ड्रमला घट्ट झाकण आणि सासूबाईंच्या पलंगाला मच्छरदाणी 640. एकूण 12,400 रुपये. छपरीच्या खर्चापेक्षा 22,600 कमी. ते मुलीच्या प्रवेशाच्या कामी आले. छपरी उघडीच राहिली. सासूबाई बसतात तिथे टेबलफॅन ठेवला. वाऱ्याच्या झोतात डासाला नीट उडता येत नाही, हाही साधा पण उपयोगी उपाय आहे.

पण मग जाळीची छपरी कोणीच करू नये का? असे मी म्हणणार नाही. ज्यांचे घर नाल्याच्या काठी आहे, त्यांच्याकडचा डास वेगळा. तो घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो आणि आपल्या विदर्भात हत्तीरोग पसरवतो. नाला एकट्याने बुजवता येत नाही. अशा घरात लोक छपरीतच झोपत असतील, बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल, तर जाळी जरूर लावावी. मात्र काही गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, घरापुढची मोकळी जागा बंद केली की तिला बांधकाम समजले जाऊ शकते. आधी कार्यालयात चौकशी करा, नंतर मिस्त्री बोलवा. दुसरी, जाळीचे छिद्र साधारण सव्वा मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे. तिसरी, पत्र्याखालची फट बुजवल्याशिवाय जाळीला अर्थ नाही. डास वरून येतो. चौथी, दार बाहेर उघडणारे आणि आपोआप बंद होणारे असावे. पाचवी, जाळीमुळे वारा कमी होतो आणि धूळ बसली की आणखी कमी होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, पत्र्याखाली काय होईल याचा विचार करा आणि जाळी वरचेवर धूत जा. सहावी आणि महत्त्वाची, पाण्याचे भांडे जाळीच्या आत उघडे ठेवू नका.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. छपरी कोणाची, हे आपण ठरवण्यापूर्वी तिथे बसणाऱ्या माणसाला विचारले पाहिजे. पलीकडच्या गल्लीत एक मावशी एकट्याच राहतात. रोज संध्याकाळी त्या सासूबाईंजवळ येऊन बसतात. त्या कडी वाजवून, दार उघडायला लावून कधीच आत आल्या नसत्या. "पाहुण्यासारखं काय जायचं," असे म्हणून परतल्या असत्या. सासूबाईंना हे माहीत होते. मला नव्हते.

यंदा आमच्या घरात कोणाला ताप आला नाही. त्यावरून आम्ही जिंकलो असे मी मानत नाही, कारण गल्लीत दोघांना डेंग्यू झालाच. म्हणून आता दर शनिवारी सकाळी गल्लीतल्या बारा घरांत आम्ही एकाच वेळी भांडी रिकामी करतो. सुरुवातीला चारच घरे होती. बाकीच्यांना कोणी तयार केले म्हणाल, तर छपरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला, "कूलर खाली केला का वं?" असे विचारणाऱ्या आमच्या सासूबाईंनी.

तेव्हा भगिनींनो, वेल्डरला बोलावण्यापूर्वी एकदा बॅटरी घेऊन घराभोवती चक्कर मारा. मग हिशेब करा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही त्या हिशेबाला बसवा.