मांडुळाला शेतातच राहू द्या

धूलकोटच्या नावातच धूळ आहे. आपल्या उताराच्या भुसभुशीत जमिनीत नांगर फिरला की त्या धुळीतून कधी कधी एक जाडसर, तांबूस-तपकिरी, गुळगुळीत साप वर येतो. डोके कोणते नि शेपूट कोणती हे चटकन कळत नाही. कोणी त्याला दुतोंड्या म्हणतो, कोणी हिंदीत दोमुंही. मराठीत त्याचे नाव मांडूळ. ते दिसले की कोणी काठी उगारतो, नाही तर हळूच पोत्यात घालून घरी नेतो. आमच्या मते दोन्ही चूक, पण पोते अधिक वाईट.

मांडूळ घरात असले की गुप्तधन सापडते, वजनदार मांडुळाला लाखांनी, कोटींनी किंमत येते, अशी आवई आहे. दलाल येतो, मोबाइलवर फोटो मागतो, ‘तपासणी’चे पैसे आगाऊ घेतो आणि दिसेनासा होतो. वजन वाढावे म्हणून मुक्या जीवाच्या पोटात छर्रे घालण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे, विकणे हा तुरुंगाचा गुन्हा आहे आणि सापडतो तो पोते धरणारा. कपाशीचा एक हंगाम बुडाला तर पुढल्या हंगामात माणूस सावरतो. पोराच्या खटल्यासाठी गहाण पडलेले शेत सुटत नाही. शिवाय, रविवारी मिस्साला यायचे आणि अमावास्येला सापापुढे दिवा लावून धन मागायचे, हे पहिल्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे. हे आम्ही स्पष्टच लिहितो.

आता त्या जीवाची खरी हकिकत. मांडूळ बिनविषारी आहे. राजस्थानच्या वाळवंटापासून तामिळनाडूपर्यंत कोरड्या मुलखात ते आढळते. लांबी साधारण दोन फूट, क्वचित तीन. पाचरीसारखे तोंड, बारीक डोळे. दिवसा मातीत दडून राहायचे, रात्री भक्ष्याला बाहेर पडायचे. उंदीर हे त्याचे आवडते खाणे. वेटोळ्यात आवळून तो मारतो. बिळात शिरून उंदीर धरणारा असा गडी रोजावर मिळणार नाही! मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. भ्याले की डोके वेटोळ्यात लपवून बोथट शेपूट पुढे करते, म्हणजे घाव शेपटीवर पडावा. म्हणून पुष्कळांच्या शेपटीवर जखमांचे वण असतात. सहा महिने एक तोंड नि सहा महिने दुसरे, ही गोष्ट तिथूनच निघाली. गारुडी तर शेपटीला चिरा देऊन दुसरे तोंड बनवीत.

गंमत म्हणजे त्याच्या शास्त्रीय नावात एक मिशनरी आहे. 1801 मध्ये पॅट्रिक रसेल यांनी या सापाला ‘जॉनी’ हे नाव दिले ते तरंगमबाडीचे ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन यांच्यावरून. ते प्रॉटेस्टंट होते, पण प्रभूची निर्मिती डोळे उघडून पाहणारा माणूस आपलाच म्हणायचा.

एक सावधगिरी मात्र हवी. मांडुळाचा भाऊबंद डुरक्या घोणस हाही बिनविषारी, पण अंगावरच्या ठिपक्यांमुळे तो खऱ्या घोणशीसारखा दिसतो. घोणस जोराने फुत्कारते, तिच्या पाठीवर साखळीसारखे ठिपके असतात आणि ती प्राणघातक आहे. तेव्हा ओळखीचा हट्ट नको. लांब उभे राहा. कोणताही साप चावला तर मांत्रिकाकडे जाऊ नका, जखम कापू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात-पाय हलू न देता रुग्णाला थेट सरकारी दवाखान्यात न्या.

आणि नांगराखाली मांडूळ आलेच, तर बैल थांबवा. ते सावकाश सरकणारे जनावर आहे. घटकाभर वाट पाहिली की आपणच बांधाकडे जाऊन मातीत शिरते.