महासंगणक, वनौषधी आणि आपली जबाबदारी

‘परम ८०००’ हा महासंगणक पुण्याच्या सी-डॅक संस्थेत १९९१ साली सिद्ध झाला. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे, याचा आपणा वऱ्हाडवासीयांना सार्थ अभिमान आहे. परंतु त्या परंपरेतून निर्माण झालेल्या साधनांचा आयुर्वेदासाठी आपण किती उपयोग करतो, हा प्रश्न विचारणे आता अगत्याचे आहे.

ही साधने आज दुर्लभ राहिलेली नाहीत. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनमधून पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ उभा राहिला. ‘प्रोटीन डेटा बँक’ हा प्रथिनरचनांचा कोश १९७१ पासून चालू असून त्यातील दोन लाखांहून अधिक रचना सर्वांस खुल्या आहेत. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचा ‘इम्पॅट’ संग्रह भारतीय वनौषधींतील रेणूंची माहिती देतो. वनस्पतीतील रेणू विशिष्ट प्रथिनाच्या खोबणीत कितपत बसेल, याचा अदमास देणारी ‘ऑटोडॉक’ ही आज्ञावली विनामूल्य असून साध्या संगणकावरही चालते.

मात्र येथेच सावधगिरी हवी. संगणक एका रेणूचा विचार करतो. आपण काढा, चूर्ण, अनुपान व रुग्णाची प्रकृती यांचा करतो. तो रेणू जठराग्नीतून पार होऊन इष्ट स्थळी पोहोचेल काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गुळवेल निंबावर वाढलेली की अन्यत्र, कोणत्या ऋतूत काढलेली, हेही कळत नाही. म्हणून असा अदमास हा संशोधनाचा आरंभ होय, सिद्धता नव्हे. त्याच्या आधारे वेष्टनावर ‘शास्त्रसिद्ध’ असे छापणे ही रुग्णाची फसवणूक आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याचे भान औषधनिर्माते बंधूंनी ठेवलेच पाहिजे.

तथापि दोष साधनाचा नाही. वैद्य दूर राहिले, तर कोणता कल्प कोणत्या व्याधीसाठी तपासावा, हे आयुर्वेद न जाणणारेच ठरवतील. यास्तव अमरावती व अकोला येथील आयुर्वेद महाविद्यालये, संत गाडगेबाबा विद्यापीठ, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि औषधनिर्माते यांनी मिळून एक सामाईक संगणक-कक्ष उभारावा. प्रश्न वैद्यांनी द्यावा, वनस्पतीची ओळख कृषितज्ज्ञांनी पटवावी, गणित संगणकतज्ज्ञांनी करावे आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करावा. आपल्या संघटनेने आगामी बैठकीत हा विषय अग्रक्रमाने घ्यावा, ही विनंती.