कॉलेजचा लॅपटॉप : दुकानात जाण्यापूर्वी



बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या की जुन्नर-आंबेगावच्या आपल्या वस्त्यांतून एकच विषय निघतो. मुलगा म्हणतो लॅपटॉप पाहिजे, मुलगी मनातल्या मनात म्हणते, आणि बाप हिशोब करीत बसतो. बाप कोण? नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमाली करणारा, मंचरला गवंड्याच्या हाताखाली जाणारा. आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने. अशा घरात तीस-चाळीस हजार रुपये एकदाच निघतात आणि त्या पैशावर तीन-चार वर्षे काढायची असतात. म्हणून कोणता लॅपटॉप घ्यायचा हे अभ्यासक्रमाने ठरवावे. दुकानदाराला ते ठरवू देऊ नये.

बी.ए. ला प्रवेश घेतलेल्या मुलाला पहिल्या वर्षी लॅपटॉप लागत नाही. मोबाईल आणि कॉलेजच्या संगणक कक्षावर त्याचे भागते. नर्सिंग, डी.फार्म. चेही जवळपास तसेच. बी.कॉम. वाल्याला एक्सेल आणि टॅली शिकायची असते. ते काम अगदी साध्या यंत्रावर होते. टॅलीची शिकण्यापुरती आवृत्ती फुकट मिळते, तिच्यात महिन्यातल्या ठराविक दोन-तीन तारखांच्याच नोंदी होतात, पण नोंद कशी करायची हे कळायला तेवढे पुरते. एल.आय.सी. च्या हप्त्यासारखे दर वर्षी पैसे भरून ऑफिसचे पॅकेज घेण्याचीही गरज नाही. लिबरऑफिस नावाचे पॅकेज विनामूल्य आहे.

खरी गरज बी.सी.ए., बी.एस्सी. कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना. अवसरीच्या शासकीय कॉलेजात किंवा कुरण, बेल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालेला मुलगा आल्या आल्या सत्तर-ऐंशी हजारांचा खेळाचा लॅपटॉप मागतो, कारण मित्राकडे तो आहे. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलाला पुढे ऑटोकॅड लागते हे खरे, पण पहिल्या वर्षी त्याचे काम कॉलेजच्या लॅबमध्ये भागते. ऑटोकॅडही विद्यार्थ्यांना कंपनी फुकट देते. माझे तर म्हणणे असे की पहिले सेमिस्टर जाऊ द्यावे. वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावे, सरांना विचारावे, मग पैसे काढावेत. सहा महिन्यांत आपल्याला काय लागते ते मुलालाच कळते.

आता यंत्राविषयी. तीन गोष्टी पाहाव्यात. रॅम, म्हणजे काम करताना यंत्राला मिळणारी मांडणीची जागा, ८ जीबीपेक्षा कमी नको. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला १६ चांगली. साठवण एस.एस.डी. प्रकारची हवी, निदान २५६ जीबी. तिसरा प्रोसेसर. वीस-बावीस हजारांत जो नवा कोरा लॅपटॉप जाहिरातीत दिसतो, त्यात बहुधा सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असते. त्यातली निम्मी जागा विंडोजच खाते. ही रॅम बोर्डावरच डकवलेली असते, बऱ्याचदा पुढे वाढवताही येत नाही. नवे म्हणून घेतलेले हे यंत्र दुसऱ्या वर्षीच रडू लागते. त्या पैशात मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा जुना लॅपटॉप कितीतरी बरा. डेलचा लॅटिट्यूड, लेनोव्होचा थिंकपॅड, एच.पी. चा एलिटबुक ही त्यातली नावे. ही यंत्रे रोजच्या आठ तासांच्या कामासाठी बनवलेली असतात, रॅम पुष्कळदा बदलता येते, सुटे भाग पुण्यात मिळतात.

मात्र जुना घेताना डोळे उघडे ठेवावेत. दुकानदार म्हणतो, "काका, आय सेव्हन आहे, घ्या." आय सेव्हन ऐकून आपण गार होतो. त्याच्या पुढचा आकडा वाचायचा असतो. आय फाइव्ह ८२५० म्हणजे आठवी पिढी, ६३०० म्हणजे सहावी, ११३५ म्हणजे अकरावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते. त्यामुळे सहाव्या पिढीचा आय सेव्हन हा आठव्या पिढीच्या आय फाइव्हपेक्षा महाग पडला तर तो घेणे तोट्याचे. तसला जुना लॅपटॉप घरात आधीच असेल तर टाकू नका. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू विनामूल्य बसवता येते.

बॅटरीचा रिपोर्ट काढून दाखवायला सांगावे. मूळ क्षमता किती होती आणि आज किती भरते हे दोन आकडे त्यात असतात. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत तर विचारूच नका. यंत्र सुरू होतानाच एखाद्या कंपनीचा पासवर्ड मागत असेल तर हात जोडून बाहेर पडावे. पक्के बिल, बिलावर यंत्राचा सिरियल नंबर आणि वॉरंटी किती महिन्यांची ते लिहून घ्यावे. बिल नसेल तर माल चोरीचा आहे की काय, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. आणखी एक. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी सांगितलेली किंमत धरून बसू नये.

आता हप्त्याचे बोलतो, कारण मी कॉमर्सचा माणूस आणि आपली माणसे बुडतात ती इथेच. "शून्य टक्के व्याज, महिना फक्त साडेतीन हजार" अशी पाटी असते. फुकट पैसा कोणी देत नाही. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी, कधी न मागितलेला विमा, कधी वाढीव वॉरंटी. क्रेडिट कार्डावरच्या अशा शून्य टक्क्यात व्याज फीमध्ये दडवले जाते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते.

दुसरा प्रकार सरळ व्याजाचा. समजा ३६,००० रुपये घेतले, १४ टक्के सरळ व्याज, बारा हप्ते. व्याज झाले ५,०४०, हप्ता ३,४२० रुपयांचा. ऐकायला १४ टक्के. पण मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला फेडीत असता, आणि व्याज मात्र वर्षभर पूर्ण ३६,००० वर लागलेले असते. खरा दर काढला तर तो २५ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात एक हप्ता चुकला, खात्यात पैसे नसले, की दंड वेगळा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो तो लिहिलेला असतो, आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. सही करण्याआधी तो मागावा. देत नसेल तर सही करू नये.

शिष्यवृत्ती येईल तेव्हा हप्ते फेडू, या भरवशावर तर कोणी राहूच नये. अनुसूचित जातीच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ साली सुरू झाली. आज तिच्यात इंजिनिअरिंगच्या घरून ये-जा करणाऱ्या मुलाला निर्वाह भत्ता वर्षाला ७,००० आहे, वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५००. पण ती वेळेवर पडत नाही हे आपण सगळेच भोगतो. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे; पुण्यात राहून शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० आणि शैक्षणिक साहित्यासाठी इंजिनिअरिंग-मेडिकलला वर ५,०००, इतरांना २,०००. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या गवंड्याने, बिगाऱ्याने कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी जरूर करावी. त्यांच्या मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,००० आणि इंजिनिअरिंगला ६०,००० पर्यंत साहाय्य मिळते. बँकेचे शैक्षणिक कर्ज काढणारच असाल तर अभ्यासक्रमाला लागणारा संगणक त्यातच धरता येतो. दुकानातल्या हप्त्यापेक्षा ते स्वस्त पडते. मोबाईलवर फिरणाऱ्या 'वन स्टुडंट वन लॅपटॉप' च्या संदेशाला मात्र भुलू नये. अशी योजना नाही असे ए.आय.सी.टी.ई. ने जाहीर केले आहे. आधार नंबर आणि ओ.टी.पी. काढून घेण्याचे ते धंदे.

एक गोष्ट पालकांशी स्पष्ट बोलली पाहिजे. घरात भाऊ आणि बहीण दोघे शिकत असतील तर लॅपटॉप भावाच्या सॅकमध्ये जातो आणि बहीण मोबाईलवर प्रोजेक्ट लिहिते. हे मी घरोघर पाहतो. मुलगा निदान मित्राच्या खोलीवर जाऊ शकतो, तालुक्याच्या गावात बसून काम उरकून रात्री घरी येऊ शकतो. उसाच्या पट्ट्यात दिवस मावळला की बिबट्याच्या भीतीने मोठी माणसे दार ओढून घेतात, तिथे मुलगी शेवटच्या एस.टी. ने येऊन पुन्हा कुठे जाणार? तिला यंत्र घरातच हवे. एका लॅपटॉपवर दोघांची दोन स्वतंत्र खाती उघडता येतात, एकाची फाईल दुसऱ्याला दिसत नाही. वेळ मात्र आई-बापांनी वाटून द्यावी, आणि परीक्षा जिची आधी तिला आधी द्यावी.

महाडीबीटीचा फॉर्म भरताना कोणते कागद अडतात, ते पुढच्या लेखात पाहू. तोवर उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलमध्ये अर्ज टाकून ठेवा.