तूप सोडले, तरी वजन का उतरत नाही?

वजन कमी करण्याचा निश्चय झाला की जैन घरांत पहिली कात्री लागते ती तुपाला. पोळी कोरडी होते, वरणावरची धार थांबते. दोन महिन्यांनंतर काटा मात्र बहुधा जागच्या जागी असतो. याचे कारण शोधावयाचे तर संपूर्ण ताटाची वाटणी तपासावी लागते.

१ ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ उष्मांक मिळतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांतून प्रत्येकी ४. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, तूप सोडल्याने ४५ उष्मांक वाचतात. उलट दुपारी दुकानात चहाबरोबर खाल्लेल्या ५० ग्रॅम शेव-पापडीतून सुमारे अडीचशे उष्मांक, म्हणजे जवळजवळ तीन फुलक्यांइतके, पोटात जातात. ते जेवण म्हणून कोणी मोजत नाही. खाखरा 'हलका' समजून चार-पाच खाल्ले जातात. पण खाखरा ही अखेर भाजून कडक केलेली पोळीच होय.

सामान्य व्यापाऱ्याचा दिवस पाहिला तर सकाळी खाखरे, दुपारी पोळी-भात, चार वाजता फरसाण आणि सूर्यास्तापूर्वी घाईघाईने भाकरी किंवा खिचडी असा क्रम दिसतो. यात धान्य आणि तेल भरपूर, डाळ मात्र पातळ आमटीपुरती. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार धान्यांतून मिळणारे उष्मांक एकूण आहाराच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावेत आणि स्निग्ध पदार्थांचे ३० टक्क्यांच्या आत राहावेत. प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलो हे ज्याचे योग्य वजन, त्याची गरज साधारण ५४ ग्रॅम होते.

प्रथिने अपुरी ठेवून केवळ जेवण तोडले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. चाळिशीनंतर हे विशेष हानिकारक ठरते. जिना चढताना गुडघ्यांना आधार देणारे आणि रक्तातील साखर वापरून घेणारे स्नायूच असतात. दिवसभर गादीवर बसणाऱ्यास ते गमावणे परवडणारे नाही. शिवाय प्रथिनांमुळे पोट अधिक वेळ भरलेले वाटते आणि चार वाजताचा फरसाणाचा मोह आपोआप ओसरतो.

अंडी व कंदमुळे वर्ज्य असताना हा हिशेब जमेल का, अशी शंका घेतली जाते. तो सहज जमतो. सकाळी ३० ग्रॅम मूगडाळीच्या पिठाची धिरडी, दुपारी तेवढ्याच डाळीचे घट्ट वरण, सायंकाळी डाळ-तांदूळ जवळपास समभाग घेतलेली खिचडी. अशा ९० ग्रॅम डाळीतून सुमारे २१ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० ग्रॅम पनीरमधून ९, पाव लिटर दुधातून ८ आणि दिवसभराच्या १२० ग्रॅम पिठातून व थोड्या तांदळातून उरलेली १७ ग्रॅमच्या आसपास. बेरीज ५५. तूप व तेल मिळून चार चमचे, भाजी व एखादे फळ धरूनही उष्मांक पंधराशे ते सोळाशेच्या दरम्यान राहतात. तूप पूर्ण सोडण्याची आवश्यकताच उरत नाही.

द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कच्चे दही किंवा ताक डाळीच्या जेवणात न घेता ज्वारीच्या भाकरीबरोबर, वेगळ्या वेळी घ्यावे. कढी करावयाची असल्यास ताक आधी नीट तापवून मगच बेसन घालण्याची घरोघरची रीत आहेच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते; त्या दिवशी ताट पोळी-भाताने भरण्याऐवजी डाळीची वाटी वाढवावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी, आणि मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

उपवासाचे मोजमाप वजनकाट्यावर करू नये. अठ्ठाईत उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो आणि पारण्यानंतर ते बरेचसे परत येते. तपाचा हेतू कर्मनिर्जरा. त्याला वजन उतरविण्याचे साधन केले तर तपही उणे पडते आणि शरीरही. रोजच्या आहारासाठी मात्र बाह्य तपांतील ऊणोदरी हा फार उपयुक्त संस्कार आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी जेवावे, आणि ते दोन घास पोळी-भाताचे असावेत, डाळीचे नव्हे.