घरखर्चाची वही : कार्डाचे कर्ज आधी फेडा

क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान रक्कम' छापलेली असते. तेवढी भरली की झाले, असा पुष्कळांचा समज आहे. हिशेब करून पाहा.

कार्डावर ४०,००० रुपये थकले असून व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे सालाचे ४२ टक्के आहे असे धरू. महिन्याचे व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. तुम्ही २,००० रुपये भरलेत, तर मुद्दल घटते अवघे ३४८ रुपये! शिवाय बाकी असताना नवी खरेदी केली, तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. म्हणून कार्ड आधी पेटीत ठेवा.

कामाच्या ठिकाणच्या पतपेढीत साल १२ टक्क्यांनी कर्ज मिळत असेल, तर ते काढून कार्ड फेडा. दरमहा तेच २,००० रुपये भरून कार्डाचे कर्ज फिटायला ४४ महिने लागतात. पतपेढीचे २३ महिन्यांत फिटते.

वसुलीवाल्याला भिऊ नका. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे, की सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर त्याने फोन करू नये.

आणि कर्ज घरात लपवू नका. नवरा-बायकोने मिळून वही लिहिली, तरच हप्त्याचे पैसे बाजूला निघतात.