मूल ऐकत नाही, की त्याला ऐकू येत नाही?

‘डॉक्टर, हा अजिबात ऐकत नाही हो!’ सर्दीसाठी दाखवायला आलेल्या मुलाची आई जाता जाता हे सांगते. तिची तक्रार असते त्याच्या वागण्याबद्दल. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून मला मात्र ते वाक्य शब्दशः घ्यावंसं वाटतं. तीन ते सात वर्षांचं मूल सतत सर्दीने बेजार असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल आणि वर ‘ऐकत नसेल’, तर त्याला रागावण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. पण ते पटायला आत काय घडतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

नाकाचा आणि कानाचा काय संबंध?

नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला टॉन्सिलसारखाच एक मऊ भाग असतो. त्याला ॲडेनॉइड म्हणतात. तोंड उघडून पाहिलं तर टॉन्सिल दिसतात, ॲडेनॉइड दिसत नाही. लहानपणी ते वाढतं आणि किशोरवयापर्यंत बहुतेकांमध्ये आपोआप आकसतं. त्यामुळे ते असणं हा आजार नव्हे. ते वाढून अडथळा करू लागलं की प्रश्न सुरू होतो.

घाटातून जाताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. कानाच्या पडद्यामागची पोकळी आणि नाकाची मागची बाजू यांना जोडणाऱ्या नळीमुळे हे होतं. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. या नळीचं तोंड ॲडेनॉइडच्या शेजारीच असतं. शिवाय लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जास्त आडवी असते. वाढलेल्या, वारंवार सुजणाऱ्या ॲडेनॉइडमुळे नळीचं काम बिघडलं की पडद्यामागे हवा पोचत नाही आणि तिथे पाणी साचतं. पुढे ते डिंकासारखं घट्ट होतं, म्हणून याला ‘ग्लू इअर’ म्हणतात. हा संबंध आज कळलेला नाही. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांनी १८६८ मध्येच वाढलेलं ॲडेनॉइड, बंद नाक आणि कमी ऐकू येणं यांची सांगड घातली होती.

दुखत नाही, म्हणून कळत नाही

पडद्यामागे असं पाणी साचलं तरी कान सहसा दुखत नाही, वाहत नाही, तापही येत नाही. मूल तक्रार करत नाही, कारण आपल्याला कमी ऐकू येतंय हे त्याला ठाऊकच नसतं. ऐकणं कमी होतं ते साधारण २० ते ३० डेसिबलने, म्हणजे आपण दोन्ही कानांत बोटं घालून वावरावं तसं. समोर बसून बोललं तर सगळं कळतं. पाठीमागून किंवा वर्गाच्या गोंगाटात बोललेलं निसटतं. ‘पान’, ‘कान’ आणि ‘छान’ यांतला फरक पुसट होतो. डिक्टेशनमध्ये भलतेच शब्द लिहिले जातात. टीव्हीचा आवाज वाढतो.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. पाणी कमी-जास्त होतं, त्यामुळे ऐकणंही बदलत राहतं. सर्दी ओसरली की मूल छान ऐकतं, पुन्हा सर्दी झाली की ‘हं? काय?’ सुरू. मग घरचे म्हणतात, ‘सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं याला!’ शाळेच्या डायरीत शेरा येतो, ‘वर्गात लक्ष नसते.’ आणि ज्या वयात भाषा पक्की व्हायची, वाचायला शिकायचं, त्याच वयात काही महिने असे जातात.

आमचंही चुकतं

दोष फक्त पालकांना देणं बरोबर नाही. आम्ही डॉक्टर दोन टोकांच्या चुका करतो. एक म्हणजे औषधांमागून औषधं. कान दुखत नसताना, ताप नसताना साचलेल्या या पाण्यावर अँटिबायोटिक, सर्दीच्या ॲलर्जीविरोधी गोळ्या किंवा पोटातून स्टेरॉइड देऊन टिकाऊ फायदा होत नाही. नाकाच्या ॲलर्जीसाठी किंवा ॲडेनॉइडची सूज उतरावी म्हणून स्प्रे दिला जातो, ती वेगळी गोष्ट. (कान ठणकत असेल, ताप असेल किंवा कान वाहत असेल तर तो संसर्ग असतो. तेव्हा वेळ घालवू नका.) दुसरी चूक म्हणजे नुसता एक्स-रे पाहून ‘ॲडेनॉइड मोठं आहे, काढून टाका’ असं सांगणं. एक्स-रेमध्ये आकार दिसतो. मुलाला किती ऐकू येतं हे त्यात दिसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आधी ऐकण्याची तपासणी, मग निर्णय. टिम्पॅनोमेट्रीत कानाशी छोटी नळी धरून काही सेकंदांत पडद्यामागे पाणी आहे का याचा अंदाज येतो. ऑडिओमेट्रीत ऐकणं मोजलं जातं आणि लहान मुलांकडून ती खेळातून करून घेता येते. दोन्ही तपासण्या दुखत नाहीत. पाणी आढळलं तरी लगेच घाबरू नका. बऱ्याच मुलांमध्ये ते आपोआप ओसरतं, म्हणून साधारणपणे तीन महिने लक्ष ठेवून पुन्हा तपासतात. बोलणं मागे पडलेलं असेल, टाळू दुभंगलेली असेल किंवा डाऊन सिंड्रोम असेल, तर मात्र वाट पाहण्याबाबत डॉक्टरांशी आधीच बोला.

तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी आणि ऐकणं कमी असेल, तर ऑपरेशनला विनाकारण घाबरू नका. पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. बहुधा वर्षभराच्या आसपास ती आपोआप बाहेर पडते. मूल चार वर्षांहून मोठं असेल किंवा नाक बंद राहत असेल, तर ॲडेनॉइडही तोंडावाटे काढतात, बाहेर टाका पडत नाही. त्याने प्रतिकारशक्ती जाते ही भीती अनाठायी आहे. भूल, रक्तस्राव, ग्रोमेटमधून कान वाहणं, क्वचित पडद्याला छिद्र राहणं हे धोके आहेत, आणि ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. झोपेत मुलाचा श्वास मध्येच अडकत असेल, तर कान चांगले असले तरी दाखवायला हवं.

तोपर्यंत घरी

कानात तेल घालू नका, ते पडद्यामागे पोचत नाही. मुलाजवळ विडी-सिगारेट नको. बाळाला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजू नका. मुलाशी समोर येऊन बोला. बाईंना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवा. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं. त्यांना कानाबद्दल आवर्जून सांगा.

उपचारानंतर काही मुलं मिक्सर लावला की कानावर हात ठेवतात. आवाज एवढा मोठा असतो, हे त्यांना नव्याने कळत असतं. अशा वेळी आई-वडील गप्प होतात. आपण कशासाठी रागावत होतो, हे त्यांना आठवतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर आज टीव्ही बंद करून मुलाच्या मागे चार पावलांवर उभे राहा आणि हलक्या आवाजात त्याच्याशी बोला. त्याने वळून पाहिलं नाही, तर रागावू नका. पुन्हा एकदा, दुसऱ्या दिवशीही करून पाहा. तरीही वळला नाही, तर कान तपासून घ्या. आणि वळला, पण शंका मनात राहिली, तरीही घ्या.