डोळ्यांवर जाऊ नका, बॉस!

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल. आमचा कॉलेजचा दोस्त, तीन वर्षं तिकडे ऑनसाइट. चेहरा असा पडलेला की मला वाटलं, नोकरी गेली. "अरे, हॅमर पांढरा पडला!"

हॅमर म्हणजे हॅमर कोरल. पठ्ठ्याने बोनसमधून चार फुटी टाकी घेतलीय. 'मिक्स्ड रीफ'. खाली मश्रूम आणि लेदरसारखे मऊ प्रवाळ, मध्ये मांसल हॅमर, सगळ्यात वर फांद्यांचे ॲक्रोपोरा. जुन्या टी-५ ट्यूब काढून साहेबांनी महागडे एलईडी लावले. लावल्यावर टाकी अंधारीच वाटली, म्हणून ॲपमधला स्लायडर सरळ शंभरवर! दहा दिवसांत हॅमरचा रंग गेला.

(तुम्ही इथे पुण्यामुंबईत असाल आणि हात शिवशिवत असतील, तर जरा थांबा. रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. कुणी दुकानात गुपचूप 'लाइव्ह कोरल' दाखवलं तर नमस्कार करून बाहेर पडा. पुढचा फंडा ऑनसाइटवाल्यांसाठी.)

भानगड अशी आहे, की प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि प्रवाळ बराचसा त्यावरच जगतो. समुद्रात लाल रंग वरच्या थरातच शोषला जातो, खोलवर पोचतो तो निळा. म्हणून रीफचे एलईडी निळे. पण आपले डोळे हिरव्या रंगाला, साधारण ५५५ नॅनोमीटरला, सगळ्यात जास्त दाद देतात. ४५० चा निळा त्यांना मंद वाटतो. शैवालासाठी मात्र तो फुल्ल जेवण असतो. जास्त झालं की प्रवाळ ते शैवालच बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो.

मोबाइलचं लक्स मोजणारं ॲपही इथे कुचकामी, कारण लक्स आपल्याच डोळ्यांच्या हिशेबाने चालतं. मोजायचा असतो तो 'पार', म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड. ढोबळ हिशेब असा: मश्रूमला ५० ते १००, हॅमरला ८० ते १५०, ॲक्रोपोराला २०० ते ३५०. एकाच टाकीत तीन मजले, तीन भाडेकरू. त्यामुळे दिवा घेताना वॅट विचारू नका. कुठल्या उंचीवर टांगला तर कुठे किती पार मिळतो, ते विचारा. आणि एक मोठा दिवा मध्यभागी लटकवण्यापेक्षा दोन छोटे घ्या. एलईडीचा उजेड टॉर्चसारखा एका बाजूने पडतो, फांद्यांच्या मागे सावली राहते. चांगला दिवा साधारण दोन फूट बाय दोन फूट सांभाळतो. चार फुटी टाकीला दोन, हे गणित सोपं आहे.

पार-मीटर महाग असतो, पण विकत कशाला घ्यायचा? तिकडे हॉबी क्लब आणि काही दुकानं भाड्याने देतात. आमच्या दोस्ताने वीकेण्डपुरता आणला. हॅमरच्या डोक्यावर आकडा निघाला २९०!

मग स्लायडर ३५ टक्क्यांवर आणला, हॅमर खालच्या दगडावर हलवला आणि दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवायचं ठरलं. दिव्याची वेळही बदलली. आधी सकाळी आठला लागायचा, म्हणजे हा ऑफिसात आणि टाकी मजेत. आता दुपारी एक ते रात्री दहा. नऊ तास उजेड प्रवाळांना पुरतो आणि घरी आल्यावर यालाही टाकी बघायला मिळते.

परवा फोटो आला. ॲक्रोपोरा ठीक आहेत. हॅमरच्या बुडाशी किंचित तपकिरी झाक दिसतेय. शैवाल परत येतंय म्हणतो. बायको म्हणते, टाकी अजून अंधारीच वाटते.